पाठीच्या ऑपरेशननंतर मणक्यात पाण्याची गाठ: शंका आल्यापासून फॉलोअपपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

परभणीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेले पेशंट रोजचेच, आणि त्यातल्या बहुतेकांचं दुखणं साधं असतं, स्नायू आखडलेले, बसण्याची सवय वाईट, व्यायाम बंद, एवढंच. पण मधूनच एखादा पेशंट असा येतो की ऑपरेशन नीट झालेलं, वर्ष-दोन वर्षं माणूस बरा, आणि मग हळूहळू पाय जड पडायला लागतात. घरचे म्हणतात गॅप परत आला, मेडिकलवाला गोळ्या देतो, कोणी बेल्ट देतं, कोणी मालिश सांगतं, आणि सहा महिने असेच जातात.

अशा वेळी क्वचित निघणारं एक कारण म्हणजे स्पायनल अरॅक्नॉइड सिस्ट, आपल्या भाषेत मणक्यातली पाण्याची गाठ. दुर्मिळ आहे, हे आधीच सांगतो, पाठ दुखली की लगेच हीच शंका घेऊ नका. पण ज्यांना आहे त्यांच्याकडं क्रम चुकतो आणि वेळ जातो, आणि वेळ गेल्यावर ऑपरेशन करूनही पाय किंवा लघवी पूर्ण सुधारेलच असं राहत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

मज्जारज्जूवर तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं जाड ते ड्युरा (पुढं यालाच पडदा म्हटलंय), मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं पातळ ते अरॅक्नॉइड, आणि रज्जूला चिकटलेलं ते पाया मॅटर. मधल्या आणि आतल्या आवरणाच्या मध्ये स्वच्छ पाणी फिरत असतं, सीएसएफ म्हणतात त्याला. मोठ्या माणसात ते एकावेळी साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतं, म्हणजे सतत वाहतं पाणी आहे, साचलेलं नाही.

ऑपरेशनमध्ये ड्युरा उघडावा लागला, किंवा नकळत फाटला, किंवा आत रक्त उतरलं, तर अरॅक्नॉइड सुजतं, भरून येताना जागोजागी चिकटतं. त्या चिकटण्यातून एखादा कप्पा तयार होतो, पाणी आत जातं पण तेवढ्या सहज बाहेर येत नाही, आणि कप्पा फुगत जाऊन मज्जारज्जूला बाजूला ढकलतो. शेताच्या पाटात मध्येच गाळाचा बांध बसला की मागं पाणी तुंबतं, तसंच. मणक्यातलं इन्फेक्शन, मेंदूज्वर, टीबीचा मेंदूज्वर, अपघात, आत झालेला रक्तस्राव, यांच्यानंतरही असं होऊ शकतं. कमरेतून पाणी काढणं किंवा पाठीतली भूल यानंतरही झालेल्या केसेस आहेत, पण फारच कमी. आणि काहींना ही गाठ जन्मापासूनच असते, दुसऱ्या कारणासाठी एमआरआय केला तेव्हा दिसते. म्हणजे गाठ दिसली की पहिल्या सर्जननेच काहीतरी बिघडवलं असा अर्थ लावू नका.

ही गाठ कॅन्सर नाही.

आणि एक, सिझेरियनच्या वेळी पाठीत भुलेचं इंजेक्शन दिलं म्हणून दहा वर्षं कंबर दुखते असं आपल्याकडं घरोघरी ऐकायला मिळतं. नुसती कंबर दुखणं आणि ही गाठ यांचा तसा संबंध लावता येत नाही. खाली लिहिलेल्या खुणा असतील तरच या वाटेने जा.

## टप्पा १: कागदं गोळा करा, डॉक्टरकडं जायच्या आधी

लोक आधी डॉक्टर गाठतात आणि कागदं घरी राहतात. मग तिथं तेच, जुना एमआरआय आणा, डिस्चार्ज कार्ड आणा, परत एसटीने दीडशे किलोमीटर.

काय काय लागतं ते सांगतो. डिस्चार्ज कार्ड तर हवंच, पण त्याहून महत्त्वाची ऑपरेशनची नोट, म्हणजे आत काय केलं, कोणत्या मणक्यांवर केलं, ड्युरा उघडला का किंवा फाटला का, फाटला असेल तर टाके घातले की गोंद लावला. डिस्चार्ज कार्डवर हे बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणून नोट वेगळी मागा. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात साध्या कागदावर अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे डॉक्टरने भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं असतं आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असतं. तीन वर्षं व्हायच्या आत मागून ठेवलेलं चांगलं.

मणक्यात स्क्रू-रॉड टाकले असतील तर इम्प्लांटचं स्टिकर किंवा कार्ड घ्या. पुढं एमआरआयच्या वेळी तिथला टेक्निशियन पहिला प्रश्न हाच विचारणार, धातू कोणता आहे.

जुने एमआरआय, फिल्म आणि सीडी दोन्ही. नुसता रिपोर्टचा कागद चालत नाही, कारण नवीन डॉक्टरला चित्रं शेजारी ठेवून तुलना करायची असते.

सावधान: फिल्म उन्हात, गाडीच्या काचेखाली किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात, आपल्याकडच्या मे महिन्यात त्या काळवंडतात. सीडीची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, आणि मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवर भरवसा ठेवू नका, बारीक रेषा त्यात दिसत नाहीत.

## टप्पा २: लक्षणं वहीत लिहा, आणि घरी चार गोष्टी तपासा

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात "लई दुखतंय डॉक्टर" एवढंच सांगितलं तर डॉक्टरला काहीच कळत नाही. शाळेची जुनी वही घ्या, एका पानावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. ऑपरेशन कधी झालं, त्यानंतर किती दिवस पूर्ण बरं होतं, पहिलं नवीन लक्षण कोणतं आणि कोणत्या महिन्यात, आणि आता ते वाढतंय का. महिना आठवत नसेल तर सण धरा, पोळ्याला चालत देवळात गेलो होतो, दिवाळीला काठी लागली, असं. याच्याइतका उपयोगी इतिहास दुसरा नसतो.

या गाठीत दुखण्यापेक्षा चाल आधी बदलते, असं बऱ्याच जणांत होतं. बहुतेक गाठी पाठीच्या मधल्या भागात, म्हणजे छातीच्या मागच्या बारा मणक्यांत, आणि रज्जूच्या मागच्या बाजूला असतात. रज्जूच्या मागच्या भागातून पाय कुठं टेकलाय याची जाणीव मेंदूकडं जाते. ती जाणीव कमी झाली की माणूस डोळ्यांनी बघून बघून चालतो, दिवसा निभावतं, अंधार पडला की तोल जातो.

माझ्याकडं जिंतूरकडचा एक कापूसवाला शेतकरी आला होता, पाठीच्या मधल्या मणक्यात साधी, कॅन्सर नसलेली गाठ होती, तिचं ऑपरेशन त्याआधी दोन वर्षं झालेलं. त्याची तक्रार काय, तर रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला गेलं की बांधावरून पाय घसरतो, आणि चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, दहा पावलं पुढं गेल्यावर तळव्याला ढेकूळ लागलं तरी कळत नाही, खाली बघितल्यावर कळतं. त्याच्या कमरेच्या एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती थोडी सरकलेली होती, म्हणून चार महिने बेल्ट आणि गोळ्या. मीही पहिले दोन आठवडे कमरेचेच व्यायाम दिले. एक दिवस त्याला सरळ उभं करून डोळे मिटायला लावले आणि तो भिंतीवरच गेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे कमरेचं नाही. ते दोन आठवडे मला आजही टोचतात, आणि तेव्हापासून ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी डोळे मिटायला लावतो.

घरी बघायचं ते असं, शेजारी एक धडधाकट माणूस धरायला उभा ठेवूनच:

पाय जुळवून उभं राहा, डोळे मिटा. एकदम झोक गेला तर नोंद करा. सकाळी तोंड धुताना डोळे मिटून पाणी मारलं की तोल जातो का, हेही त्यातच आलं.

सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून दहा पावलं टाका. अडखळतं का, पाय लाकडासारखे ताठ पडतात का, जिना उतरताना गुडघे थरथरतात का ते बघा.

कापसाचा बोळा पायापासून वर पोटापर्यंत फिरवा. एखाद्या ठिकाणापासून खाली सगळं बधिर आणि वर ठीक, असा पट्टा लागला तर बॉलपेनने खूण करून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

खोकलं, शिंकलं, संडासला जोर केला की पाठीत किंवा पायात कळ जाते का, ठराविक कुशीवर किंवा ठराविक बसण्यात वाढते का. काहींच्या गाठीत असं होतं.

लगेच हॉस्पिटल गाठायच्या खुणा, इथं वही-बिही सोडा: लघवी अडकली, पोट फुगलंय तरी होत नाही. लघवी-संडासचं नियंत्रण गेलं. सायकलच्या सीटवर बसतो तेवढी जागा बधिर झाली. पायातली ताकद तासा-दिवसांत उतरत चाललीय. ऑपरेशन ताजं असेल तर टाक्यातून पाण्यासारखं स्वच्छ गळतंय, उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, किंवा ताप येऊन मान ताठली. यातलं एकही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, सकाळची वाट बघू नका.

## टप्पा ३: या मधल्या काळात काय करायचं नाही

हा टप्पा बरेच जण सोडतात आणि नुकसान इथंच होतं.

कंबर मोडून घेणं, पाठीवर पाय देऊन तुडवून घेणं, ताण लावणं हे सगळं बंद. मज्जारज्जूवर आधीच दाब असेल तर झटक्याने पाय जाऊ शकतात. बिब्बा घालणं, डागणं अजिबात नाही, बधिर कातडीला चटका कळतच नाही आणि खोल जखम होते. गरम पाण्याची पिशवी सुद्धा बधिर पायावर नको. गोळ्यांनी गाठ विरघळत नाही, कोणाच्याच. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोनमहिने खाल्ल्या तर किडनी बिघडू शकते, आणि मग पुढं एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उजळायचं औषध, देताना तीच किडनी आड येते.

गाठीतलं पाणी सुईने काढून घेऊ असंही कोणी सुचवतं. पाणी वाहतं आहे, परत भरतं, म्हणून तो सहसा टिकाऊ इलाज नसतो. गावात असा प्रयोग कोणाला करू देऊ नका.

## टप्पा ४: कोणाकडं जायचं

पहिले जा ज्याने ऑपरेशन केलं त्याच्याकडं. आत काय केलं ते त्याला सगळ्यात जास्त माहीत असतं. भांडायला नको, वही आणि कागदं घेऊन शांतपणे जा. समाधान झालं नाही तर दुसरं मत घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरं मत न्यूरोसर्जनचं, किंवा असा स्पाइन सर्जन जो ड्युरा उघडून आतलं काम नियमित करतो. हा प्रश्न सरळ विचारायचा असतो: "डॉक्टर, पडद्याच्या आतलं काम तुम्ही करता का?" चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट करत नसेल तर कोणाकडं जायचं ते सांगतो.

आपल्या भागात संभाजीनगरची घाटी, लातूरचं विलासराव देशमुख, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, ही सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. जायच्या आधी फोन करून न्यूरोसर्जरीची ओपीडी आहे का आणि कोणत्या वारी आहे ते विचारा, नुसतं उठून गेलं तर दिवस वाया जातो. देगलूर-नांदेडकडचे लोक हैदराबादला जातात, तुळजापूर-धाराशिवकडचे सोलापूरला, ठीक आहे, जवळचं बघा. पण योजनेतून इलाज करायचा असेल तर त्या दवाखान्यात ती चालते का ते आधी विचारा, तिकडं पोचल्यावर नाही.

तपासणी नीट झाली का, हे ओळखायची खूण: डॉक्टरने हातोडीने गुडघा-घोटा ठोकला, तळव्यावरून टोकदार वस्तू ओढून अंगठा वर जातो का पाहिलं, टाचणी आणि थरथरणारा चिमटा लावून जाणीव तपासली, चालायला लावलं. यातलं काहीच न करता फक्त रिपोर्टचा कागद वाचून निर्णय दिला तर दुसऱ्याला दाखवा.

## टप्पा ५: एमआरआय, सगळ्यात जास्त चूक होणारी जागा

चूक एकच, पण फार जणांची: कमरेचाच एमआरआय पुन्हा पुन्हा.

मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली फक्त नसांचा झुपका असतो. त्यामुळं पाय ताठ पडणं, अंगठा वर जाणं, पोटापासून खाली बधिर होणं ही लक्षणं कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातल्या गॅपने येत नाहीत, ती त्याच्या वरच्या भागातून येतात. कमरेच्या एमआरआयमध्ये वरचा भाग जेमतेम छातीच्या शेवटच्या एक-दोन मणक्यांपर्यंत दिसतो. गाठ छातीच्या सहाव्या मणक्यापाशी असेल तर तो रिपोर्ट नॉर्मल येणार किंवा त्यात गॅप सापडणार, कारण पन्नाशीनंतर बहुतेकांच्या कमरेत थोडाफार गॅप सापडतोच.

म्हणून चिठ्ठी लिहून घेताना विचारा, पाठीच्या मधल्या भागाचा म्हणजे डॉर्सल स्पाइनचा करायचा का, पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग त्यात घ्यायचं का. चिठ्ठीवर "जुनं ऑपरेशन, अमुक मणका, आता चाल बिघडली" एवढं लिहिलेलं असलंच पाहिजे, नुसतं "पाठदुखी" लिहिलं तर मशीनवाला नेहमीचं साधं काम करून मोकळा होतो.

एमआरआयवर ही गाठ आजूबाजूच्या पाण्यासारखीच दिसते, टी-टू नावाच्या चित्रात पांढरी आणि टी-वनमध्ये काळी, कॉन्ट्रास्ट दिलं तरी उजळत नाही. भिंत इतकी पातळ असते की साध्या चित्रात ती सहसा दिसत नाही, दिसतो तो फक्त रज्जूचा आकार, एका बाजूने दबलेला. शंका राहिली तर डॉक्टर सिस किंवा फिएस्टा नावाचे बारीक कापांचे थ्रीडी सिक्वेन्स सांगतात, त्यात भिंत दिसण्याची शक्यता वाढते. त्यानेही स्पष्ट झालं नाही, किंवा स्क्रूमुळं चित्र खराब आलं, तर सीटी मायलोग्राम, म्हणजे कमरेतून औषध सोडून ते गाठीत कधी आणि कसं शिरतं ते बघायचं. मायलोग्राम स्वतःहून मागू नका, त्यात परत सुई आत जाते, तो डॉक्टरचा निर्णय.

जायच्या आधीची तयारी: क्रिएटिनिनचा (किडनीची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट, इम्प्लांटचं कार्ड, जुनी सीडी. पेसमेकर, डोळ्यात लोखंडाचा कण, कानातलं मशीन असं काही असेल तर आधीच सांगा. वेल्डिंगचं किंवा लेथचं काम केलेलं असेल तर डोळ्याचं आवर्जून सांगा. मंगळसूत्र, जोडवी, करदोट्यातला ताईत घरी काढून ठेवा. आत अर्धा-पाऊण तास हलायचं नसतं, हललं की चित्र पुसट येतं आणि पैसे वाया. बंद जागेची भीती वाटत असेल तर नंबर लागायच्या आधी बोला, मशीनमध्ये गेल्यावर नको.

तपासा: निघताना काउंटरवर सीडी उघडून बघा, त्यावर नाव, तारीख आणि डॉर्सलचीच चित्रं आहेत ना.

## टप्पा ६: रिपोर्ट आल्यावर घाबरायचं नाही, पण पाच शब्द ओळखायचे

"एक्स्ट्राड्युरल" म्हणजे गाठ जाड पडद्याच्या बाहेर, "इंट्राड्युरल" म्हणजे आत. दोन्हीचं ऑपरेशन वेगळं. "कॉर्ड सिग्नल चेंज" लिहिलं असेल तर रज्जूला दाबाचा त्रास झालाय, वेळ दवडू नका. "सिरिंक्स" म्हणजे रज्जूच्या आतच पाणी साचलंय, ते या गाठीबरोबरही येऊ शकतं. "स्यूडोमेनिंगोसील" ही वेगळी गोष्ट, ऑपरेशनच्या जागी पडदा फाटून पाणी मागच्या स्नायूंत साचलेलं, कधीकधी पाठीवर मऊ फुगा हाताला लागतो. लोक हिला आणि अरॅक्नॉइड सिस्टला, दोन्हीला पाण्याची गाठच म्हणतात, इलाज मात्र वेगळा.

रज्जू पडद्याच्या भेगेतून पुढं सरकला तरी चित्र असंच दिसू शकतं. म्हणून रिपोर्टवर नाही, सर्जनने स्वतः सीडी लावून बघण्यावर भर द्या.

## टप्पा ७: थांबायचं की ऑपरेशन

गाठ आहे, पण पाय ठीक, लघवी ठीक, तपासणीत काही नाही, तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, ठरलेल्या वेळी परत एमआरआय. अशात घाईने ऑपरेशन करून घेऊ नका, नवीन ऑपरेशनने नवीन चिकटपणा येतो, शेवटी ही अडचण तिथूनच तर सुरू झालेली असते.

ताकद कमी होतेय, चाल बिघडतेय, लघवीवर परिणाम आहे, तर सर्जन ऑपरेशन सुचवतात आणि तिथं "सुगी झाल्यावर बघू" म्हणू नका. माझा अनुभव असा की आपल्याकडं तारीख पिकावर ठरते. सोयाबीन काढलं की, कापसाची वेचणी झाली की, ऊसतोडीहून परतलो की. पायातली ताकद पिकाचं वेळापत्रक बघत नाही. दबलेला भाग जितका जास्त दिवस दबलेला राहील तितकं परत येणं कठीण, आणि लघवीचं नियंत्रण एकदा पूर्ण गेलं की ते परत येईलच असं कोणी सांगू शकत नाही.

सर्जनला विचारायचे प्रश्न लिहून न्या. गाठ पूर्ण काढणार की भिंतीला खिडकी पाडून पाणी मोकळं करणार? बाहेरची गाठ असेल तर पडद्याचं छिद्र शिवणार का? चिकटलेलं फार असेल तर नळी टाकायची वेळ येईल का? ऑपरेशन चालू असताना नसांचं मॉनिटरिंग असेल का? किती हाड काढावं लागेल, नंतर स्क्रू लागतील का? परत भरण्याची शक्यता माझ्या केसमध्ये किती? रज्जूला चिकटलेली भिंत ओढून काढली तर इजा होऊ शकते, म्हणून बऱ्याच वेळा सर्जन जेवढं सुरक्षित तेवढंच काढून बाकी मोकळं करतात, त्याचा अर्थ काम अर्धवट केलं असा नाही.

## टप्पा ८: ऑपरेशनची तयारी

आधी पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान यांत हे बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत, दोन्हीवरचं नाव एकसारखं हवं, एकावर "रामराव" आणि दुसऱ्यावर "रामा" असलं की मंजुरी अडकते. नियोजित ऑपरेशनला आधी मंजुरी घ्यावी लागते, आधी पैसे भरून नंतर योजना लावू असं होत नाही.

शरीराची तयारी: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला आणि हृदयाच्या डॉक्टरला दोघांनाही सांगा, त्या स्वतः बंद करायच्या नाहीत आणि स्वतः चालूही ठेवायच्या नाहीत. शुगर आटोक्यात आणा. तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी बंद, जखम भरायला उशीर होतो आणि बिडीचा खोकला नेमका ताज्या टाक्यांवर जोर देतो. बद्धकोष्ठ असेल तर आधीच सांगून औषध घ्या. लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते त्याची सोनोग्राफी आधी करून ठेवा, नंतर सुधारणा झाली का ते याच आकड्यावरून कळतं. चालतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, तारखेसह.

## टप्पा ९: दवाखान्यातले दिवस

शुद्धीवर आल्यावर दोन्ही पाय हलवून दाखवा, आधीपेक्षा कमी हलत असेल तर नर्सला लगेच सांगा. काही सर्जन एक-दोन दिवस सपाट झोपवतात, काही लवकर उठवतात, पडदा कसा शिवला त्यावर ते ठरतं, म्हणून शेजारच्या बेडच्या पेशंटशी तुलना करू नका. कुशीवर वळताना खांदा आणि कंबर एकदम, ओंडका फिरवल्यासारखं. दर दोन तासांनी कूस बदला. आडवे असतानाच घोटे वरखाली हलवत राहा, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून.

भेटायला पंधरा माणसं येतात आणि सगळे बेडवर टेकतात, हे कृपा करून थांबवा. बँडेज रोज बघा. पाण्याचा गोल डाग वाढत असेल, उशी ओली होत असेल, तर ड्रेसिंग बदलून घेऊन गप्प बसू नका, डॉक्टरलाच दाखवा.

## टप्पा १०: घरी आल्यावर

परतीचा प्रवास एसटीच्या मागच्या सीटवर नको. गाडी करा, मागं आडवं झोपवून न्या, तासाभराने थांबवा.

बधिर तळवे लगेच परत येत नाहीत, काहींचे पूर्ण कधीच येत नाहीत. म्हणून रोज रात्री कोणीतरी बॅटरी घेऊन तळवे बघायचे, काटा, फोड, चटका. उन्हाळ्यात अनवाणी अंगणात सुद्धा नाही. रात्री संडासला जाताना लाईट लावूनच, आणि वाटेतली पाण्याची बादली, खाट, पायपुसणं बाजूला.

व्यायाम सर्जनने परवानगी दिल्यावर, आणि आधी तोल, मग ताकद. भिंतीला हात लावून उभं राहणं, बसून-उठून, मग काठीने सपाट रस्त्यावर. लोक उलट करतात, आधी पायाला वजन बांधतात. बधिरपणा असताना वजन बांधून पडलेले पेशंट मी बघितलेत.

वजन उचलणं, वाकून वेचणी, ट्रॅक्टर, खड्ड्यातली मोटारसायकल हे सगळं सर्जन सांगेपर्यंत बंद. पाठीवरचा फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की १६ किलोच्या वर जातो आणि टाकी नेमकी ऑपरेशनच्या जागेवर टेकते, तो सगळ्यात शेवटी.

फॉलोअपचा एमआरआय जमलं तर त्याच सेंटरवर, त्याच प्रकारचा करा, म्हणजे तुलना बरोबर होते. बरं वाटतंय म्हणून तो टाळू नका, गाठ परत भरू शकते आणि सुरुवातीला ती काही जाणवू देत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तीच डोळे मिटून उभं राहायची आणि दहा पावलांची तपासणी करा, वहीत लिहा, तोच एक मिनिटाचा व्हिडिओ त्याच जागेवर काढा.

जिंतूरच्या त्या शेतकऱ्याच्या या पाण्याच्या गाठीच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. काठी सुटली, लघवी व्यवस्थित, डाव्या तळव्याला मुंग्या अजून आहेत. पाणी द्यायला आता पोरगा सोबत जातो, आणि मागं पट्टा असलेले सँडल घालतो तो, निसटू नयेत म्हणून. तुमच्याकडं असा पेशंट असेल तर चप्पल आजच बदला, ते करायला कोणत्याच रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.